हिरव्या डोंगरावरचा पाच टोकांचा तारा

गेल्या अंकाच्या मधल्या पानावर चेक प्रजासत्ताकातील झेलेना होरा या डोंगरमाथ्यावरच्या तीर्थस्थानाचे एक छायाचित्र छापले होते आणि त्याखाली चार ओळींचा मजकूर होता : हे बरोक शैलीतले चर्च आहे, ते ताऱ्याच्या आकाराचे आहे, आगीनंतर गावकऱ्यांनी ते वाचवले आणि आज ते जागतिक वारसा आहे. एवढ्याशा मजकुरावर रामटेक, समुद्रपूर, पुसद, वणी अशा तालुक्यांतून इतकी पत्रे आली की, या वेळचे सदर पूर्णपणे त्यांनाच द्यावे असे ठरवले. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न (एक शिक्षिका, रामटेक तालुका) : ‘बरोक’ हा शब्द आमच्या शाळेतील मुलांना कसा समजावून सांगावा? आणि हे चर्च ताऱ्याच्या आकाराचे का बांधले असावे?

उत्तर : ताई, ‘बरोक’ या शब्दाचे मूळ पोर्तुगीज भाषेत सांगितले जाते. नीट गोल न झालेल्या, वेड्यावाकड्या मोत्याला तेथे ‘बारोको’ म्हणत. सतराव्या शतकात आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात जी वास्तुकला बहरली तिला पुढच्या काळातील टीकाकारांनी हे नाव दिले, कारण सरळ रेषा, शांत चौकोन आणि मोजके खांब यांवर समाधान मानणाऱ्यांना ही कला अतिरेकी वाटत होती. या शैलीत भिंत सरळ उभी राहत नाही, ती आत वळते आणि बाहेर येते. उजेड कोठून येतो ते चटकन कळत नाही. चित्र, मूर्ती आणि छत यांच्या सीमा एकमेकींत मिसळतात आणि आत शिरलेला माणूस क्षणभर थबकतो.

मुलांना हे फळ्यावर शिकवू नये असे मला वाटते. सहल लोणारला नेता आली तर दैत्यसूदन मंदिराच्या बाहेरच्या भिंतीला तळहात टेकवून त्यांना एक प्रदक्षिणा घालायला लावा. हात कोपऱ्यात आत जातो, कण्यावर बाहेर येतो, पुन्हा आत जातो, आणि अर्ध्या प्रदक्षिणेतच मुलांच्या लक्षात येते की, मंदिराचा तळ चौकोनी नसून तारकाकृती आहे. त्यानंतर त्यांना झेलेना होराचे छायाचित्र दाखवा. आपल्याकडचे कोन धारदार आहेत, तेथे कोनांच्या मधल्या भिंती गोलाईने फुगलेल्या आहेत. दोन्ही कारागिरांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता. मात्र भिंतीला वळण देऊन तिच्यावर ऊन-सावली खेळवायची, ही ओढ दोघांचीही होती.

आता ताऱ्याविषयी. यान नेपोमुक हे चौदाव्या शतकातील प्रागचे एक धर्माधिकारी होते. राजा चौथा वेन्सेस्लास आणि प्रागचे आर्चबिशप यांच्यात एका मठाच्या प्रमुखपदावरून वाद पेटला, त्यात आर्चबिशपच्या बाजूने उभे राहिलेल्या यान यांना राजाच्या माणसांनी छळले आणि मार्च १३९३ मध्ये प्रागच्या दगडी पुलावरून व्ल्तावा नदीत फेकून दिले. इतिहास एवढे सांगतो. लोकपरंपरा याहून वेगळी कथा सांगते. राणीने पापनिवेदनात, म्हणजे धर्मगुरूपुढे खासगीत पापे कबूल करताना, यान यांना सांगितलेले गुपित राजाने विचारले आणि यान यांनी ते सांगण्यास नकार दिला, म्हणून त्यांना मारले; आणि देह जेथे बुडाला तेथे पाण्यावर पाच तारे चमकले. ‘मी मौन पाळले’ या अर्थाचा लॅटिन शब्द ‘ताकुई’ रोमन लिपीत पाच अक्षरांचा आहे, त्याचीही सांगड भाविकांनी या पाच ताऱ्यांशी घातली आहे.

१७१९ मध्ये प्रागच्या मोठ्या चर्चमधील त्यांची कबर उघडण्यात आली, तेव्हा जिभेचा म्हणून मानला गेलेला भाग न कुजलेला आढळला. झ्द्यार येथील सिस्टर्शियन पंथाच्या मठाचे अधिपती वात्स्लाव वेयम्लुवा यांची यान यांच्यावर गाढ श्रद्धा होती. त्यांनी त्याच वर्षी मठासमोरच्या डोंगरावर चर्च बांधण्याचे ठरवले आणि हे काम यान ब्लाझेय सांतिनी-आइखेल या वास्तुविशारदाकडे सोपवले. सांतिनी हे प्रागमध्ये स्थायिक झालेल्या इटालियन पाथरवटांच्या घराण्यात १६७७ मध्ये जन्मले. त्यांच्या शरीराचा काही भाग जन्मतःच अधू असल्यामुळे छिन्नी-हातोडा धरणे त्यांच्या नशिबी नव्हते, म्हणून ते रेखाटनाकडे वळले. या डोंगरावर त्यांनी पाच हा आकडा अक्षरशः दगडात उतरवला. चर्चचा तळ पाच टोकांच्या ताऱ्याचा आहे, आत पाच वेद्या आहेत, आणि भोवतीच्या ओवऱ्यांना पाच दरवाजे व पाच छोटी प्रार्थनागृहे आहेत. खिडक्यांची वरची टोके बरोकच्या आधीच्या, मध्ययुगीन गॉथिक पद्धतीची निमुळती आहेत, भिंतींच्या वळणांत मात्र बरोक आहे. म्हणून या शैलीला ‘बरोक गॉथिक’ असे जोडनाव मिळाले. १७२२ मध्ये चर्चचे पवित्रीकरण झाले आणि पुढच्याच वर्षी सांतिनी वारले. यान यांना अधिकृत संतपद मिळाले ते १७२९ मध्ये, म्हणजे संतपदाच्या सात वर्षे आधीच त्यांच्या नावाचे तीर्थ डोंगरावर उभे राहिले होते.

एक गोष्ट मुलांना अवश्य सांगा. झेलेना होरा म्हणजे ‘हिरवा डोंगर’. हे नाव त्या डोंगराचे मुळातले नव्हे. यान यांच्या जन्मगावाजवळ, नेपोमुकला, या नावाचा डोंगर आहे. झ्द्यारचा मठ स्थापन करणारे साधू तेराव्या शतकात त्या भागातल्या मठातून आले होते आणि त्या आठवणीसाठी हे नाव येथे आणले गेले. आपल्या भागाला हे नवीन नाही. रामटेकच्या परिसरातील वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिच्या ऋद्धपूर ताम्रपटात रामगिरिस्वामींच्या (रामगिरी म्हणजे रामटेक) पादमूलाचा उल्लेख आहे. अयोध्येचा राम आपल्या टेकडीवर कधीचाच आपला होऊन बसला आहे.

प्रश्न (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, पुसद) : ती जीभ खरोखरच शेकडो वर्षे टिकली होती का?

उत्तर : १९७३ मध्ये चेक मानववंशशास्त्रज्ञ एमान्युएल व्ल्चेक यांनी त्या अवशेषाची तपासणी केली. तो जिभेचा भाग नसून मेंदूच्या ऊतींचा अवशेष असल्याचे त्यांनी दाखवून दिले. चर्चच्या घुमटाच्या मध्यभागी मात्र चुन्याच्या नक्षीत घडवलेली लाल जीभ आजही ज्वाळांच्या वलयात आहे, आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी ती तशीच राखली, हे योग्यच झाले. १७२२ मधील माणसांनी काय मानले, याचा तो पुरावा आहे. आपल्याला आज जे पटत नाही ते पुसून टाकणे हे दुरुस्तीचे काम नव्हे.

प्रश्न (एक ग्रामपंचायत सदस्य, समुद्रपूर तालुका) : ‘गावकऱ्यांनी वाचवले’ असे आपण लिहिले. नेमके कसे वाचवले? आमच्याकडील जुन्या वास्तूंसाठी लोक पुढे येत नाहीत, म्हणून हा प्रश्न विचारतो आहे.

उत्तर : भाऊ, या तीर्थाच्या इतिहासातले हेच पान मला सर्वांत जवळचे वाटते.

१७८० च्या दशकात चेक प्रदेशावर राज्य करणारा ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग घराण्याचा सम्राट दुसरा जोसेफ याने आपल्या राज्यातील शेकडो मठ बंद केले. जे मठ शिक्षण, रुग्णसेवा असे उपयोगाचे काम करीत नाहीत त्यांची मालमत्ता काढून घ्यावी, असे त्याचे धोरण होते, आणि तीर्थयात्रांकडेही तो नाराजीनेच पाहत असे. झ्द्यारचा मठ १७८४ मध्ये बंद झाला आणि त्याच वर्षी डोंगरावर आग लागून चर्च व ओवऱ्या यांची छपरे जळाली. ज्यांनी हे तीर्थ उभारले ते साधू गेले होते, राज्यकर्त्यांना ते नको होते आणि वर छप्पर उरले नव्हते. पावसाळी प्रदेशातील बिनछपराची वास्तू किती वर्षे उभी राहते, हे तुम्हाला मी सांगायला नको. चर्च पाडून टाकण्याची वेळ आली होती.

त्या वेळी आसपासच्या लोकांनी दुरुस्तीची परवानगी मागितली. ती मिळाली, पण एका अटीवर : त्या आवारात दफनभूमी करावी. उपयोगाच्या भाषेतच विचार करणाऱ्या राज्यव्यवस्थेला केवळ भक्तीसाठी चर्च राखणे मान्य नव्हते, दफनभूमीसाठी राखणे मान्य होते. लोकांनी अट स्वीकारली आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस छप्पर पुन्हा चढले. ज्या ओवऱ्या यात्रेकरूंनी पावसात थांबावे म्हणून बांधल्या होत्या, त्यांच्या आतल्या गवताळ अंगणात गावातील माणसे पुरली जाऊ लागली.

याचा परिणाम काय झाला ते पाहा. ज्याचा बाप त्या अंगणात पुरलेला आहे तो वर्षातून चार वेळा तरी डोंगर चढतो. दिवा लावायला आलेल्या बाईला ओवरीच्या छपरातून पाणी गळताना दिसते, ती खाली जाऊन कोणाला तरी सांगते, आणि पुढच्या पावसाच्या आत तेवढे छप्पर सावरले जाते. जुन्या वास्तूचे रक्षण मोठ्या समारंभातून होत नाही, गळती पहिल्याच वर्षी कोणाच्या तरी नजरेस पडण्यातून होते. तुमच्याच तालुक्यात गिरडच्या टेकडीवर बाबा फरीद यांच्या दर्ग्याला सर्व धर्मांचे लोक चढून जातात. त्या पायऱ्यांवर रोज पाऊल पडते म्हणून त्यांच्यात उगवलेले झुडूप कोणाच्या तरी पायाला लागते. ज्या वास्तूवर कोणी चढतच नाही तिच्यातील पिंपळ दहा वर्षांनी दिसतो, आणि तोपर्यंत त्याच्या मुळांनी दगड सरकवलेले असतात.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे आणि ती लपवणे बरे नाही. ज्या कबरींनी तीर्थ तारले त्याच पुढच्या काळात दुरुस्तीची अडचण ठरल्या. भोवतीच्या ओवऱ्या आणि मध्ये मोकळे हिरवे अंगण, त्यात एकट्या उभ्या असलेल्या ताऱ्याकडे पाच दरवाजांतून येणारी दृष्टी, ही सांतिनींची मूळ कल्पना होती. अंगण कबरींनी भरले, तेव्हा ती कल्पना दिसेनाशी झाली. शिवाय ओवऱ्यांलगतच्या जमिनीत सतत खोदकाम होत राहिले. १९९४ मध्ये हे स्थान जागतिक वारसा यादीत आल्यानंतर दफनभूमी येथून हळूहळू हलवण्याची वाट धरली गेली. नवी दफने अन्यत्र होऊ लागली आणि जुन्या कबरी टप्प्याटप्प्याने काढल्या गेल्या.

हे काम झटपट उरकले नाही याबद्दल मला त्या लोकांविषयी आदर वाटतो. वारसा म्हणून अंगण मोकळे हवे ही मागणी रास्त होती, परंतु ज्यांच्या पूर्वजांनी ते अंगण वाचवले त्यांनाच एका सकाळी नोटीस देऊन बाहेर काढले असते, तर पुढच्या गळतीकडे कोणी पाहिले असते? तुमच्या गावी लोक पुढे येत नाहीत असे तुम्ही लिहिता. त्या वास्तूत लोकांना आज करण्यासारखे काय उरले आहे, हे आधी पाहा. वर्षातून एकदा तेथे भजन होत असेल, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले तेथे जमत असतील, तर दुरुस्तीची सभा त्याच दिवशी आणि त्याच जागी घ्या.

प्रश्न (एका देवस्थान समितीचे सदस्य, वणी तालुका) : आमच्या टेकडीवरील जुन्या देवळाला काही वर्षांपूर्वी आम्ही सिमेंटचा गिलावा करून ऑइल पेंट दिला. आता खालच्या तीन-चार फुटांत गिलावा फुगतो आणि गळून पडतो. युरोपात अशा वास्तू इतकी शतके कशा टिकवतात? त्यांची पद्धत येथे चालेल का?

उत्तर : दादा, तुमचे पत्र वाचून मला माझे आजोळ आठवले, म्हणून आधी तेथील चूक सांगतो, ती माझीही आहे.

आमच्या आजोळी टेकडीवर महादेवाचे देऊळ आहे, खाली काळा पाषाण आणि वर विटांचे शिखर. मी तरुण होतो, समितीत होतो, आणि एका कंत्राटदाराने सुचवल्यावर सिमेंटच्या गिलाव्याला मीही हात वर केला. दोन वर्षे देऊळ लखलखत होते. तिसऱ्या पावसाळ्यानंतर शिखराच्या बुडाशी बोटाच्या पेराने टकटक केली, तर आवाज भरीव न येता बदबद येऊ लागला. गवंड्याने हातोडीचा हलका ठोका दिला आणि भाकरीएवढ्या जाडीचा एक पापुद्रा सुटून हातात आला. तो उलटून पाहिला तर त्याच्या पाठीला विटेची भाजलेली लाल कातडी चिकटलेली होती. आत उरलेली वीट बोटाने खरवडली तरी तिची भुकटी पडत होती आणि तिच्यावर मिठासारखा पांढरा थर होता. दोनशे वर्षे पाऊस सोसलेली वीट आम्ही तीन वर्षांत मारली होती.

कारण असे आहे. जुन्या भिंतीच्या पायात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतील पाणी दगड-विटांच्या सांध्यांतून वर चढते, पावसाचे पाणी वरून झिरपते, आणि हे दोन्ही पाणी बाहेर पडण्याची वाट म्हणजे चुन्याचा सांधा व चुन्याचा गिलावा. चुना विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो, म्हणून ओल त्यातून सुकते, ओलीबरोबर आलेले क्षार त्याच्याच अंगावर फुटतात आणि झिजायचे ते चुन्यानेच झिजते. चुना दर काही वर्षांनी पुन्हा लावता येतो, दोनशे वर्षांची वीट पुन्हा आणता येत नाही. सिमेंट विटेपेक्षा कडक आणि घट्ट असते, त्यावर ऑइल पेंट दिला म्हणजे भिंतीचे तोंडच बांधले जाते. ओल मागे कोंडते, अधिक उंच चढते, क्षार गिलाव्याच्या पाठीमागे स्फटिकरूप होऊन फुगतात आणि गिलाव्याला विटेच्या कातडीसकट ढकलून देतात. तुमच्याकडे खालचे तीन-चार फूटच फुगतात, याचा अर्थ तुमचे मुख्य पाणी जमिनीतून येत आहे.

झेलेना होराच्या प्रदेशात शत्रू वेगळा आहे. तो डोंगराळ, कडक थंडीचा पट्टा आहे. तेथे भिंतीत कोंडलेले पाणी हिवाळ्यात गोठते, गोठताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते आणि एका हिवाळ्यात असे अनेकदा गोठणे-वितळणे झाले की गिलावा फुटतो. आपल्याकडे बर्फ नाही, पण मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर तापलेल्या भिंतीवर मृगाचा पाऊस कोसळतो. कारण निराळे असले तरी उपाय एकच आहे : भिंतीला सुकू द्यावे. यासाठी चेक गवंडी असो की वणीचा, त्याला चुन्याकडेच यावे लागते.

आपल्याजवळचे एक ठळक उदाहरण गोव्याचे आहे. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिका १६०५ मध्ये पवित्र झाली. भारतातील बरोकचा तो महत्त्वाचा नमुना आहे. तिच्या जांभ्या दगडावर मुळात चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुविशारदाने तो काढून टाकला, कारण उघड्या लाल दगडामुळे वास्तू अधिक प्राचीन दिसेल अशी त्याची समजूत होती. तेव्हापासून मऊ जांभा थेट पावसात उभा आहे, झिजतो आहे, आणि गिलावा परत करावा की आताचे लाल रूपच राखावे यावर वाद चालला आहे. आपल्या पर्यटकांना ते लाल रूपच खरे वाटते. मला विचाराल तर गिलावा परत व्हावा, कारण तो त्या दगडाचा अंगरखा होता, नुसती सजावट नव्हती.

आता तुमच्या देवळाविषयी. सर्वांत आधी देऊळ संरक्षित स्मारकांच्या यादीत आहे का, ते पाहा. असल्यास पुरातत्त्व विभागाच्या परवानगीवाचून एक पापुद्राही काढू नका. केंद्र संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवीन बांधकामाला कायद्याने बंदी आहे आणि त्यापुढील दोनशे मीटरमध्ये ते परवानगीने करावे लागते. देऊळ यादीत नसेल तर जबाबदारी पूर्णपणे तुमची आहे आणि म्हणून घाई करण्याचे काही कारण नाही.

पहिल्या पावसाळ्यात कोणतेही काम करू नका. मुसळधार पाऊस लागला की छत्री घेऊन टेकडीवर जा आणि पाणी कोठून येते, कोठे साचते, कोठे भिंतीकडे वळते ते पाहून कोळशाने भिंतीवर खुणा करा. बहुतेक जुन्या देवळांभोवती गेल्या काही दशकांत फरशी किंवा काँक्रीट घातलेले असते आणि त्याचा उतार नकळत देवळाकडे झालेला असतो. तसे असल्यास आधी तो उतार फिरवा आणि भिंतीलगतची हात-दीड हात पट्टी उघडी करून तेथे मुरूम व गोटे भरा. निम्मी ओल एवढ्यानेच जाते, असा माझा अनुभव आहे. त्यानंतर सिमेंटचा गिलावा छिन्नीने, हाताने काढा. कटर मशीन लावू नका, तिचे दाते दगडाच्या कडा खातात. गिलावा निघाल्यावर भिंत किमान एक उन्हाळा उघडी राहू द्या. भिंतीवर पांढरे क्षार येतील, ते कोरड्या कुंचल्याने झाडा, पाण्याने धुऊ नका, कारण धुतल्याने ते पुन्हा आत जातात.

गिलाव्यासाठी मुरवलेला चुना एक भाग आणि चाळलेली नदीची रेती अडीच ते तीन भाग, एवढे प्रमाण धरून सुरुवात करता येते. ओलीच्या जागी रेतीच्या काही भागाऐवजी चांगल्या भाजलेल्या विटांची सुरखी, म्हणजे भुकटी, घाला. जुने गवंडी यात बेलफळाचा गर, गुळाचे पाणी, हिरड्याचा काढा किंवा उडदाचे पीठ घालत असत. ते उपयोगी आहे, पण गूळ अधिक झाला की बुरशी धरते, म्हणून आधी देवळाच्या मागच्या भिंतीवर हातभर चौकोनात नमुना करा आणि एक पावसाळा त्याला काढू द्या. युरोपातील तज्ज्ञही हेच करतात. जुन्या गिलाव्याचा तुकडा तपासून त्यातील चुना, वाळू आणि रंगांचे थर ओळखतात, नमुने लावून वाट पाहतात आणि प्रत्येक टप्प्याची नोंद व छायाचित्रे ठेवतात. जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वे सांगणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने ही शिस्त जगभर मान्य करून घेतली. जेथे तर्क सुरू होतो तेथे दुरुस्ती थांबली पाहिजे, असे ती सनद सांगते. याचा तुमच्यापुरता अर्थ असा की, शिखरावरील एखादी मूर्ती तुटली असेल आणि मूळ रूप कोणालाच ठाऊक नसेल, तर तिच्या जागी बाजारातून आणलेली मूर्ती बसवू नका.

चुन्याचे काम कार्तिकापासून माघापर्यंत करा. वैशाखाच्या उन्हात चुना सुकतो, पण घट्ट होत नाही. त्याला हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून पुन्हा दगड व्हायचे असते आणि त्यासाठी थोडी ओल टिकावी लागते. पातळ थर द्या, प्रत्येक थरावर ओले गोणपाट टांगा, आणि वरून रंग म्हणून चुन्याची सफेदीच द्या.

प्रश्न (एक आजी, मौदा तालुका) : मला आता रामटेकच्या पायऱ्या चढवत नाहीत. परदेशातील अशा डोंगरांवर म्हाताऱ्या माणसांची काय सोय असते?

उत्तर : आजी, तुमच्यासाठी मी पोर्तुगालमधील ब्रागा शहराजवळच्या बॉम जेझुस दो मोंते या तीर्थाची माहिती देतो. झेलेना होराचे चर्च पवित्र झाले त्याच १७२२ मध्ये आर्चबिशप रोद्रिगो द मौरा तेलेश यांनी या डोंगरावरच्या भव्य पायऱ्यांचे काम हाती घेतले. सुमारे ११६ मीटर उंची चढून जाणाऱ्या या नागमोडी जिन्याच्या प्रत्येक वळणावर रुंद ओटा आहे आणि त्यावर कारंजे आहे. एका ओट्यावरील मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी येते, पुढे कानांतून, मग नाकातून, मग तोंडातून, आणि पाचव्या स्पर्शाच्या ठिकाणी मूर्तीच्या हातातील घागरीतून. डोळा, कान, नाक, जीभ आणि त्वचा एकामागून एक निवत जावीत आणि माणसाने शांत होऊन वर पोहोचावे, अशी ती योजना आहे. २०१९ मध्ये हे स्थानही जागतिक वारसा यादीत आले.

ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी तेथे १८८२ पासून रुळांवरून चालणारी उतारावरची गाडी आहे, आणि ती आजही पाण्याच्या वजनावर चालते. दोन डबे एका जाड दोराने बांधलेले आहेत, एक वर आणि एक खाली. वरच्या डब्याच्या पोटातील टाकी पाण्याने भरली की तो जड होऊन खाली येऊ लागतो आणि खालच्या डब्याला वर ओढून नेतो. तळाशी पोहोचल्यावर पाणी सोडून देतात. इंजिन नाही, धूर नाही; आपल्या विहिरीवरच्या रहाटाचेच ते मोठे भावंड समजा.

आपल्या टेकड्यांवर ही गाडी जशीच्या तशी चालणार नाही, कारण त्या डोंगरावर बारमाही झरे आहेत आणि आपल्याकडे चैत्रातच हंडे रांगेत लागतात. वळणावरचे ओटे मात्र आपल्या जुन्या पायऱ्यांनाही असतात. दुरुस्तीच्या नावाखाली हे ओटे दुकानांच्या शेडखाली जातात किंवा पायऱ्यांवर गुळगुळीत फरशी बसते, आणि मग तुमच्यासारखी माणसे घसरण्याच्या भीतीने चढणेच सोडतात. जुना खडबडीत दगड, हाताला येणारा कठडा, ओट्यावर सावलीचे झाड आणि माठ एवढे राखले, तर कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला निदान अर्ध्या वाटेपर्यंत तुम्हाला जाता येईल. हे पत्र तुमच्या नातवाकडून वाचून घेत असाल तर त्याला सांगा की, चढताना दर वळणावर किती वेळ बसावेसे वाटले ते त्याने लिहून ठेवावे. ओटे कोठे हवेत हे ठरवायला अशीच नोंद लागते.

प्रश्न (एक गवंडी, वणी तालुका) : चांगला चुना कोठे मिळेल आणि तो कसा ओळखावा?

उत्तर : तुम्ही तर चुन्याच्या दारातच राहता. तुमच्याच तालुक्यातील राजूरच्या चुनाभट्ट्या प्रसिद्ध आहेत. पोत्यातील तयार भुकटी घेऊ नका, ती हवेत राहून निम्मी मेलेली असू शकते. भट्टीतून निघालेली ताजी कळी घ्या. खडा हातात हलका लागला पाहिजे, आणि पाण्यात टाकताच सूं आवाज करून, वाफ सोडून, फुलून फुटला पाहिजे. जो खडा पाण्यात तसाच पडून राहतो तो कच्चा भाजलेला किंवा करपलेला आहे, तो बाजूला काढा. विरवताना डोळ्यांवर चष्मा आणि पायांत बूट घाला, चुन्याचा शिंतोडा डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. विरवलेला चुना बारीक जाळीतून गाळून खड्ड्यात सोडा आणि त्यावर सदैव चार बोटे पाणी राहील असे पाहा. पाणी आटले आणि चुन्याला हवा लागली की वर साय धरते, ती फेकून द्यावी लागते. निदान तीन महिने मुरू द्या, जितका जुना तितका तो लोण्यासारखा होतो. आज ज्येष्ठात खड्डा भरलात तर कार्तिकात काम सुरू करता येईल. वर गिलाव्याचा प्रश्न विचारणारे देवस्थान तुमच्याच तालुक्यातले आहे. समितीचे सदस्य आणि तुम्ही, दोघांचीही संमती असेल तर संपादकांमार्फत तुमची गाठ घालून देतो.